अठरा झेंड्यांचं गायरान

"धर, परम्या! विहिरीकडं चाललीय ती!"

परमेश्वरनं झेप घेऊन टिकलीचा पाय पकडला. मागून त्याची बहीण सृष्टी धापा टाकत पोचली. तिची ही आठ महिन्यांची मेंढी सकाळपासून मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि ही भानगड!

दुपारी ताडकळसहून गुरांच्या डॉक्टर राजेश्रीताई आल्या. त्यांनी टिकलीचं डोकं चाचपलं.

"मेंदूत पाण्याचा फुगा झालाय. कुत्र्याच्या पोटात एक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत मेंढीनं खाल्लं, की काही महिन्यांनी असं होतं. ऑपरेशन करू, बहुतेक वाचेल."

"अन् कुत्र्याच्या पोटात जंत कुठून येतो?" सृष्टीनं विचारलं.

"असा फुगा झालेल्या मेंढीची कच्ची मुंडी खाल्ली की!"

 सृष्टीच्या आजोबांची, म्हणजे आबांची, चाळीस मेंढरं रोज गावच्या गायरानात चरत होती.

"मोकाट कुत्री असत्याल," आबा म्हणाले. "त्याला आपुन काय करनार?"

"पण आबा, मोकाट कुत्री स्टँडवर हॉटेलापाशी पडलेली असत्यात. ती एवढ्या लांब हगायला कशाला येतील?"



दुसऱ्या दिवशी सृष्टी, परमेश्वर आणि मैत्रीण भक्ती गायरानात पोचले. भक्तीनं तुरीच्या काड्यांना रंगीत कागद चिकटवून आणले होते. जिथं कुत्र्याची घाण दिसेल, तिथं एक झेंडा!

"सतरा!" भक्ती नाक दाबून ओरडली. "अन् सगळे पायवाटेच्या कडेनं!"

ताज्या घाणीजवळ मातीत कुत्र्याच्या पंजाचा भला मोठा ठसा होता. शेजारी बुटाचा.

"मोकाट कुत्रं बूट घालून फिरायलंय व्हय?" परमेश्वर म्हणाला. तिघंही खो खो हसले.

पुढच्या सकाळी ते बाभळीआड लपले. शहरातून निवृत्त होऊन आलेले दिनकरराव आपल्या वासराएवढ्या कुत्र्याला, सुलतानला, घेऊन आले. सुलतान वाटेच्या कडेला शी करायला बसला. दिनकरराव मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले आणि मग सरळ पुढं निघाले!

परमेश्वर उठलाच होता. सृष्टीनं त्याची कॉलर ओढली. "थांब! 'आमचं न्हाईच' म्हणतील. त्यांच्याच तोंडून काढू."

दिनकररावांच्या आवाजाला सगळं गाव दबून असे. तरी सृष्टी पुढं झाली.

"काका, आमी मोकाट कुत्री मोजायलोय. इथं किती येत्यात?"

"एकही नाही! आमच्या सुलतानच्या भीतीनं दुसरं कुत्रं इकडं फिरकत नाही!"

"लय ताकद हाय की! खातो काय?"

"दर बाजाराला चार कच्च्या मुंड्या!"

इतक्यात परमेश्वरनं ताज्या घाणीशेजारी अठरावा झेंडा रोवला.

"मग काका, हे सगळे झेंडे कुणाच्या नावाचे?"

दिनकररावांनी वाटेवर नजर फिरवली. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, खत होतं त्याचं! तुमच्या मेंढ्यांच्या लेंड्या चालतात ना?"

"मेंढी गवत खाती, काका. सुलतान मुंड्या खातो." मग सृष्टीनं टिकलीचं सगळं सांगितलं.

दिनकररावांनी सुलतानच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला हे ठाऊकच नव्हतं," ते हळूच म्हणाले. "फावडं आणतो."

त्यांनी हातमोजे घालून अठराही ठिकाणं साफ केली आणि सगळं खोल खड्ड्यात पुरलं. राजेश्रीताईंनी सुलतानला जंताचं औषध दिलं. कच्च्या मुंड्या बंद झाल्या. टिकलीचं ऑपरेशनही पार पडलं. आठवडाभरात ती सरळ चालत कळपात गेली. दिनकररावांनी कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येकाचं दार ठोठावून आपली चूक स्वतः सांगितली.

राजेश्रीताईंनी तिघांची पाठ थोपटली. आबा टिकलीला कुरवाळत म्हणाले, "चाळीस वर्षं मेंढरं राखली, पोरी. दरसाली एखादं असं फिरून फिरून मरायचं अन् मी नशिबाला बोल लावायचो. तू इचारलंस म्हणून आज मलाबी कळलं!"