राहीबाईचा हुंकार

मोबाइल पालथे घाला, आणि लाइट आली तरी लगेच लावू नका. ही गोष्ट उजेडात सांगायची नाही, आणि हुंकाराशिवाय तर मुळीच नाही. धनेश, तू "हं" म्हणत राहायचं. उन्नती, तुझा आवाज बारीक आहे, पण चालेल. आपली जुनी माणसं म्हणायची, गोष्टीला घरातल्यांनी हुंकार द्यावा. नाही दिला तर बाहेरचं कुणीतरी देतं. हसा, हसा. केसरीनाथदादाही हसायचा.

केसरीनाथ म्हणजे आपल्या पूर्णा गावातलाच. खाडीच्या अंगाला शेवटचं घर त्याचं, आता मागे गोदामाची भिंत आली आहे ते. जन्मभर पॉवरलूमवर जॉबर होता, म्हणजे बंद पडलेला माग पुन्हा चालता करायचा. ड्युटीवरून आला की अंघोळ, जेवण, आणि मग लिहायला बसायचा. पाच कादंबऱ्या लिहिल्या त्याने. पुण्यामुंबईची माणसं त्याचं घर शोधत यायची, आणि नाक्यावर विचारलं की आपलेच लोक म्हणायचे, "कोन केसरीनाथ? तो जॉबर?" पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

तर गेल्या वर्षीची पौषातली अमावास्या. मंगळवार होता. संध्याकाळी तो सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा घेऊन मानकोली नाक्यावर निघाला. सहावी कादंबरी होती ती. कुरिअरने पुण्याला प्रकाशकाकडे पाठवायची होती. फोनवर त्याने सांगून टाकलं होतं, "शेवट लिहिलेला नाही. माझ्याच्याने होणार नाही. आहे तशी छापा, नाहीतर रद्दीत घाला."

वाटेत कंटेनरची ही रांग. रिक्षा जागची हलेना. नाक्यावर पोचेपर्यंत कुरिअरवाल्याने शटर ओढलेलं. गठ्ठा काखेत मारून केसरीनाथ तसाच माघारी आला, आणि कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरला. घरात दुसरं कुणी नव्हतंच.

शेवट का होत नव्हता, ते आधी ऐका.

लोक त्याला विचारायचे, दादा, तुम्हाला सुचतं कुठून? तो सांगायचा, चहाच्या टपरीवर, मासळीबाजारात, लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलतात तिथे. खोटं नव्हतं ते. कुणाचं दुःख ऐकलं की हा गडी ते खिशात घालून घरी आणायचा. पण आणलेलं सगळं कागदावर उतरायचं नाही. त्याला एक दार होतं, आणि त्या दारात राहीबाई बसलेली असायची.

राहीबाई त्याची बायको. अक्षरओळख नाही. तो इकडे भिंतीकडे तोंड करून पाटावर कागद घेऊन बसायचा, ती त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, मांडीवर मासेमारीचं जाळं घेऊन. तो वाक्य आधी मोठ्याने बोलायचा, मग थांबायचा. मागून "हं" आलं की लिहायचा. नाही आलं की वाक्य मोडून दुसरं बोलायचा. पाचही पुस्तकं अशी झाली. हुंकाराशिवाय त्याने एक ओळ लिहिली नाही. एकदा सत्कारात म्हणाला होता, माझ्या घरी एक "हं" आहे, त्यावर माझा संसार चालतो. टाळ्या पडल्या. राहीबाई घरी बोंबील निवडत होती.

त्यांना एकच मुलगा, भाविक. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात, तसा पोरगा. खाडीत मासळी उरली नाही, पाणी काळं झालं, तरी हा आपला रात्रीची होडी घेऊन जाणार. डावखुरा होता. आईने जाळं विणायचं, आणि जाळ्याच्या तोंडाची दोरी ओवून शेवटची गाठ याने मारायची, ही दोघांची रीत. सगळ्यांच्या गाठीला उजवा पीळ, याच्या गाठीला उलटा. राहीबाई कौतुकाने सगळ्यांना दाखवायची.

एका रात्री भाविक गेला तो गेला. होडी पालथी मिळाली. पोरगा मिळाला नाही... अंगावरचा कपडासुद्धा नाही.

राहीबाई तेव्हा एक नवं जाळं विणत होती. ते तिने पुरं केलं. फक्त तोंडाची गाठ मारायची ठेवली. बायका म्हणाल्या, मार आता तूच. तर म्हणाली, "ती माझी न्हाय, त्याची हाय." मग रोज संध्याकाळी ते जाळं मांडीवर घेऊन बसायची. फाटलेलं नाही, तुटलेलं नाही, तरी सुई हातात धरून जाळ्याचा एकेक डोळा चाचपायची.

आणि केसरीनाथने तेच लिहायला घेतलं. त्याचाही पोरगाच गेला होता. दुसऱ्यांची दुःखं लिहून झाली, आता स्वतःचं कुठे ठेवणार? राहीबाई नाही म्हणाली नाही. अख्ख्या कादंबरीला तिने हुंकार दिला. पोराचं बाळपण, शाळा चुकवणं, पहिली होडी, सगळ्याला. शेवटी तो त्या वाक्याशी आला.

"पोरगा परत आला नाही."

मागून काही नाही. केसरीनाथ थांबला. पुन्हा बोलला. काही नाही.

"अगो, झोपलीस काय?"

"जागी हाय."

"मग?"

"त्याला मी हं बोलनार न्हाय."

"पन ता खरा हाय ना?"

"बुकात खरा काय न खोटा काय ता तुमी ठरवा," राहीबाई म्हणाली. "हं माझा हाय."

तिथे लेखणी अडली. वर्षभर अडली. तो दर संध्याकाळी तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत फिरवून पाहायचा, आणि दर संध्याकाळी मागे तीच शांतता. तोही हट्टी. खोटं लिहिणार नाही म्हणायचा. आणि मनातून वाटायचं, हे वाक्य एकदा लिहिलं तर पोरगा सुटेल, मीही सुटेन. मग दिवाळीनंतर राहीबाई तापाने अंथरुणाला लागली. दवाखान्यात त्याचा हात धरून एवढंच म्हणाली, "पोऱ्याला घरी आना ना वो." तापात बोलतेय म्हणून केसरीनाथ उगाच हात थोपटत राहिला. हो म्हणाला नाही. पहाटे ती गेली.

धनेश, हुंकार दे की रे. का गप्प झालास?

तर ती अमावास्या. जेवला नाही तो. जाळं खिळ्यावर लटकत होतं, गाठ न मारलेलं. त्याला नमस्कार केल्यासारखं करून तो पाटावर बसला. सवय वाईट असते बाबा. गठ्ठा सोडला. म्हणाला, उद्या पाठवायचंच आहे, शेवटचं पान एकदा वाचून बघू. अमावास्येचं उधाण होतं. मध्यरात्रीच्या सुमारास भरतीचं पाणी गोदामाच्या भिंतीला लागलेलं त्याला ऐकू येत होतं.

त्याने वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. रिकाम्या घरात.

"आईने दारात दिवा ठेवला."

"हं."

केसरीनाथने कागद खाली ठेवला. वाटलं, आपल्याच घशातून आलं. पाणी प्यायला. पुढचं वाक्य हळू वाचलं.

"खाडीवर धुकं होतं."

"हं."

मागून. उंबऱ्यातून. तोच आवाज... थकलेला, जरा नाकातून येणारा. आणि बांगड्यांची बारीक किणकिण, जाळ्याचा डोळा चाचपताना व्हायची तशी.

तो वळला नाही. मला नंतर म्हणाला, "चांगदेव, भ्यालो म्हणून नाही. वळलो तर जाईल, म्हणून." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो वाचत होता. वाक्यामागून वाक्य. प्रत्येकाला हुंकार. कितीतरी दिवसांनी त्याचं घर भरलं होतं. पान संपू नये असं वाटत होतं त्याला.

पण पान संपलं. कागदावर नसलेलं ते वाक्य तो तोंडाने बोलला.

"पोरगा परत आला नाही."

...

बांगड्या थांबल्या.

...

भरतीचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

"अगो..." तो म्हणाला.

काही नाही.

"जाऊ नको."

काही नाही. पाठीमागची थंडी तेवढी वाढत गेली. मग केसरीनाथने डोळे मिटले. जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. हुंकाराची वाट न पाहता त्याने लेखणी टेकवली, आणि लिहिता लिहिताच बोलला. 

"त्या रात्री पोरगा घरी आला."

"हं" आलं नाही.

सुई जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी उठलं. बांगड्या मागच्या दाराकडे गेल्या. घाईने... घाईने. कडी निघाली. घरात खाडीच्या चिखलाचा वास भरला.  फक्त पाणी ठिबकत होतं. थेंब. थेंब. मग बाई रडते ना पदर तोंडात धरून... तसं. मग दोरी ओढून आवळल्याचा आवाज. एकदाच.

मग काही नाही.

केसरीनाथ कागदावर डोकं टेकून तसाच राहिला. उजाडल्यावर त्याने मला, शेजाऱ्याला, हाक मारली. मला वाटलं, हा माणूस गेला कामातून. पण तो शांत होता. म्हणाला, "मी मागे पाहिलेलं नाही अजून. तू बघ."

पुढे कादंबरी छापून आली, त्याच शेवटासकट. शहाणी माणसं म्हणाली, सगळं पुस्तक चांगलं, शेवट मात्र गोड केला.  केसरीनाथने त्यानंतर काही लिहिलं नाही. संध्याकाळी उंबऱ्याकडे तोंड करून नुसता बसतो. पाटाकडे पाठ.

त्या सकाळी मी आत गेलो. मागचं दार आतून बंद होतं. जाळं होतं तिथेच, खिळ्यावर. कोरडं ठणठणीत. पण तोंडाची दोरी ओवलेली होती. तीस वर्षं जाळी विणली मी. गाठ बघून हात ओळखतो. केसरीनाथ उजव्या हाताचा, राहीबाई उजव्या हाताची, मीही उजव्याच हाताचा. मी त्या गाठीला बोट लावलं.

पीळ उलटा होता. आणि तेवढी गाठ ओली होती.