डिकीतला खर्ज

“स्पीकरला कणीक कुणी लावली?”

असं विचारून तो जो हसायला लागला, तो थांबेचना. लोणावळ्याच्या बाजारातलं ते रेडिओदुरुस्तीचं दुकान एवढंसं. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही हसायला लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“आमी लावली,” मी म्हटलं. “का? तुमच्यात न्हाई लावत?”

त्याला ठसकाच लागला. मी पिशवी उचलली, कुरतडलेला स्पीकर त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पायरी उतरायला लागले. शिवणक्लासला उशीर झालाच होता, वर हे!

“अहो... थांबा ना. चुकलं. पण खरंच सांगा, कणीक का?”

आता त्याच्या आवाजात हसू नव्हतं. म्हणून सांगितलं.

मी हौसा, कार्ल्याच्या रखमाजीची थोरली. आबांची अँबेसेडर टॅक्सी लोणावळ्याच्या स्टँडवर असते, पण गावात आबांना ओळखतात ते पखवाजासाठी. म्हणजे ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी थंडीत गाडी चालू होईना म्हणून ते हँडल मारायला गेले, हँडल उलटं फिरलं आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, थाप काही परत आली नाही. पखवाज खुंटीवर गेला. मग यंदा दिवाळीत मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं आपल्या गाडीतला टेप काढून आबांना दिला. सोबत एक कॅसेट. हात धड होता तेव्हाचं आमच्या गावचं भजन त्यानं कधीतरी भरून घेतलं होतं. आबांनी टेप बसवून घेतला, कॅसेट घातली, डोळे मिटून बसले. टाळ ऐकू आले, बुवा ऐकू आले, पखवाजाची उजवी बाजूही टणटणीत आली. डावी बाजू, ती घुमणारी धूम, कुठेच नाही. दारातले ते चिमुकले स्पीकर, त्यांच्या नरड्यातून ती निघणार कशी?

“हौसे,” आबा म्हणाले, “माझा डावा हात कुटं गेला गं?”

पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापतात, त्याशिवाय ती घुमत नाही. आबांनी मला कणीक मळायला लावली आणि स्पीकरच्या कागदावर थापली. दोन दिवस जरा घुमल्यासारखं झालं बरं का! तिसऱ्या दिवशी उंदीर आला. त्यानं कणकीबरोबर कागदही खाल्ला.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा दुकानात कुणी हसलं नाही. तो पुढे झाला आणि स्पीकर परत घेतला, या खेपेला दोन्ही हातांनी.

“युक्ती चुकीची नाही,” तो म्हणाला. “कागद जड झाला की आवाज खाली उतरतो. फक्त उंदराला विचारायचं राहिलं.”

आता मात्र मलाच हसू आलं. पदरानं तोंड झाकलं, पण त्यानं पाहिलं.

त्याचं नाव बजरंग. देहूरोडचा. वडील डेपोत कामाला, हा इथे पगारावर. त्यानं सांगितलं, दारातले स्पीकर बदलून भागणार नाही. खर्जाला मोठा स्पीकर लागतो, त्याला वूफर म्हणतात. आणि त्याला स्वतःची बंद पेटी लागते, नाहीतर तो नुसताच थडथडतो. एका बंगल्यातल्या मोडीत निघालेल्या रेडिओग्रामचा चांगला ताटाएवढा स्पीकर त्याच्याकडे पडून होता. लाकडी पेटी करून ती डिकीत बसवायची, की मागच्या सीटखालून सगळा खर्ज वर येईल.

“आठवड्यात देतो,” तो म्हणाला.

आठवड्यानं गेले. पेटी तयार दिसत होती. तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला, “सरस वाळला नाही अजून. थंडी आहे ना...”

त्यानंतर गेले, तर एक फळी घुमत होती. त्यानंतर कुठूनतरी हवा निसटत होती. लोणावळ्यातली थंडी मलाही माहीत होती. सकाळी क्लासला जाताना धुक्यात समोरचा टांगासुद्धा दिसायचा नाही, पण दुपारी ऊन अगदी लख्ख पडायचं. त्या उन्हात सरस वाळत नव्हता म्हणे! तरी मी बाकड्यावर बसून त्याच्या देहूरोडच्या गप्पा ऐकायचे; स्टेशनापासून त्याच्या दारापर्यंतची वाट मला पाठ झाली होती. क्लास सुटला की माझे पाय आपोआप त्या गल्लीत वळायचे. एवढं मला कळत होतं, आणि कळूनही मी वळत होते.

पेटीच्या तोंडावर ताणायला कापड हवं होतं. मी क्लासमधले तुकडे नेले. एक त्याला जाड वाटला, दुसरा दाट. तिसरा त्यानं उजेडात धरून पाहिला, मग माझ्या हातात दिला.

“याच्यामागून काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. आवाज अडतो का बघायचं.”

मी तो तुकडा तोंडासमोर धरला. कापडातून तो जरा धूसर दिसत होता. समोरासमोर जे बोलायची छाती झाली नसती, ते कापडाआडून सहज निघालं.

“तुमी... लय लबाड हाय.”

“स्वच्छ ऐकू आलं,” तो म्हणाला. “कापड चांगलं आहे.”

“मंग बसवा की.”

“बसवतो. पण अजून एकदा बोला.”

“आता काय?”

“तेच... फार गोड ऐकू आलं.”

मी कापड त्याच्या अंगावर फेकलं आणि पळाले. एसटीत बसले तरी कान गरम होते. शेजारच्या बाईनं विचारलं, “ताप आलाय का गं?” मी म्हटलं, व्हय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. हा सगळा पौष महिना होता. पौषात कुणी मुलगी बघायला येत नाही, म्हणून तळेगावची माणसं थांबली होती. मुलगा कंपनीत कायम. माघातल्या पहिल्या रविवारी ते मळवली स्टेशनवर उतरणार, आबा त्यांना गाडीतून आणणार, मी पोहे देणार. आईनं पोहे कांडायला भातसुद्धा निवडून ठेवलं होतं. मी बजरंगला यातलं अक्षरही सांगितलं नाही. त्यानं कुठं काही विचारलं होतं? आणि त्यानं विचारावं म्हणून मी कुठं त्याच्या पाया पडणार होते? पण रोज रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, पौष सरत चालला. हा बाबा बोलणार कधी? पेटीची हवा शोधता शोधता माझं लग्न लागायचं.

सांगितलं ते शेवटी आबांनीच. एक दिवस ते स्टँडवरून सरळ दुकानात गेले. “पोरा, उरक आता. ऐतवारी माणसं येत्यात हौसाला बघायला. त्यांना आणताना गाडीत भजन वाजाय पायजे.”

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी दुकानात गेले, तर पेटी पॉलिश होऊन टेबलावर बसलेली. माझं कापड ताणून, बारीक खिळे मारून लावलेलं.

“या हौसाबाई,” तो म्हणाला.

बाई! मी पेटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो पेचकस पुसत होता. चांगला स्वच्छ होता तो पेचकस.

“सरस वाळला?”

“वाळला.”

“फळी घुमत न्हाई?”

“नाही.”

“आन् हवा?”

“सगळं ठीक आहे. शनिवारी येऊन बसवून देतो.”

मला काय राग आला म्हणून सांगू! महिनाभर ज्या माणसाचं काम होत नव्हतं, त्यानं ते एका रात्रीत उरकलं. मला दुसरीकडे पोचवायची एवढी घाई? स्टँडवर येईपर्यंत दम धरला. मग खांबाआड उभी राहिले आणि रडले. त्या माणसावाचून आपल्याला करमणार नाही, हे मला तिथे, त्या खांबाआड, अगदी साफ कळलं.

शनिवारी दुपारी तो आला. गाडी अंगणात होती. आजूबाजूला खाचरं मोकळी पडली होती, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या होत्या. आबा घरात जेवत होते. त्यानं पेटी डिकीत सरकवली, वायरी पुढे घेतल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

“तुमाला काई बोलायचं न्हाई?” मी विचारलं.

त्याचे हात थांबले. “मी पगारी माणूस आहे. दुकान दुसऱ्याचं. तळेगावच्याला कंपनीत...”

“मी नोकरी विचारली का?”

“मग काय विचारलंत?”

“बोलायचं न्हाई का, येवढंच विचारलं.”

त्यानं मान वर केली. डोळे लाल होते त्याचे. एका रात्रीत पेटी पॉलिश करणारा माणूस झोपला कधी असेल? माझा राग तिथेच निम्मा उतरला. पण तो काही बोलायच्या आत आबा हात पुसत बाहेर आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

“लाव रं.”

बजरंगनं कॅसेट घातली. आधी टाळ, मग बुवांचा आवाज. आणि मग... धूम. गाडीच्या काचा थरारल्या. मी दाराला टेकून उभी होते, तो खर्ज माझ्या पाठीत शिरला. आबांचा हात, धडधाकट, मनगट मोडायच्या आधीचा, अख्ख्या अंगणात वाजत होता. आबांचा आत्ताचा हात मांडीवर होता, त्याची बोटं नुसतीच हलत होती. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“आला,” ते म्हणाले. “आला गं माझा हात.”

पुढे वाकून त्यांनी बजरंगच्या खांद्यावर थाप मारली. “येळ लावलास, पर काम चोख केलंस पोरा.”

आता तो पैसे घेईल आणि जाईल, असं मला वाटलं. तो जागचा हलला नाही.

“चोख नाही केलं, आबा,” तो म्हणाला. “ही पेटी पहिल्याच आठवड्यात झाली होती. मी... देत नव्हतो.”

“का रं?”

“पेटी दिली असती, तर हौसा दुकानात आली नसती.”

भजन चालूच होतं. आबांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय,” मी म्हटलं. हातातला तांब्या घट्ट धरला. “सरस वाळायला म्हैना लागत न्हाई, येवढं कळतंय मला.”

“म्हंजी म्हैनाभर माझा हात तुमी दोघांनी मिळून दाबून ठिवला व्हय!”

आबा एवढ्या जोरात ओरडले की आई दारात आली. त्यांनी टेपकडे हात नेला. बंद करतील असं वाटलं. पण धुमेचा एक लांब बोल आला आणि हात तिथेच थांबला. तो बोल त्यांनी सरू दिला.

“हौसे,” मग ते हळू आवाजात म्हणाले, “तळेगावच्या पोराचं नाव काय गं?”

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं.

“म्हैनाभर घरात त्याचीच गोष्ट चाललीया,” आबा म्हणाले, “आन् तुला नाव ठावं न्हाई.”

“न्हाई आबा.” आता रडू आवरलं नाही. “मला तितं जायचं न्हाई. ह्यांच्याकडं जायचंय. पगारी आसू दे न्हाईतर बिनपगारी.”

बोलून गेले, आणि मग बजरंगकडे बघायची सोय राहिली नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिले. शेजारी त्याची चप्पल दिसली. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

“मलाही तेच बोलायचं होतं, आबा,” तो म्हणाला. “माझ्याकडं दुकान नाही. पण हिला मी... हिला मी कधी वाट बघायला लावणार नाही.”

“म्हैनाभर तेच केलंस की!” मी म्हटलं. त्याला पहिल्यांदाच मी अरेतुरे केलं होतं.

आई दारात हसली. आबा हसले नाहीत. ते सीटवरून उतरले, डिकीपाशी गेले आणि पेटीवर डावा हात ठेवला. ते काय ठरवत होते ते आम्हा दोघांनाही कळेना.

“सांजच्या लोकलनं तळेगावला जातो,” शेवटी ते म्हणाले. “त्यांना तोंडावर सांगाय पायजे. चार शिव्या बसतील, बसू देत.” मग बजरंगकडे वळले. “आन् उद्याला गाडी मोकळीच हाय. देहूरोडला तुझ्या घरी यायचं म्हंजी कसं यायचं, त्ये नीट सांग.”

बजरंगनं तोंड उघडलं. स्टेशन म्हणाला, मग डेपोचं गेट म्हणाला, मग पुन्हा स्टेशन म्हणाला. जन्म जिथे गेला त्या घराची वाट त्याला सांगता येईना.

शेवटी ती मीच सांगितली.