महिपतरावांची पहिली रांग

रविवारी सकाळी सहाला गारगोटीच्या स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर सात-आठ सायकलवाले उभे होते आणि एकाचंही लक्ष चहाकडे नव्हतं. आठला डोंगरातली शर्यत होती आणि आत्ता गुण लागणार होते. दहावीच्या निकालाला पोरं घाबरत नाहीत, इतके हे केस पिकलेले लोक घाबरत.

गुण ठरवायची ती ठोकटिकली. रुपयाएवढी, छातीवर चिकटवायची. हृदयाचे ठोके, श्वास आणि वाटेचा चढ यांचा मेळ घालून ती प्रत्येक फेरीचे गुण देई, आणि गुणांवरून शर्यतीतली रांग ठरे. डोंगरात रांगेवरच सगळं. पहिल्या वळणानंतर वाट एका सायकलपुरती उरते. मागे राहिलेला मागेच राहतो, त्याला गुण कमी मिळतात, की पुढच्या वर्षी पुन्हा शेवटची रांग. टिकली आली तेव्हा सरावाचेही गुण मिळणार म्हणून सगळे खूश झाले होते. पण चार दिवस सायकल हलली नाही की गुण गळायला लागत, आणि नोकरदारांचं घोडं तिथेच पेंड खाई.

महिपतराव चौगुले एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. वय चोपन्न. सायकल फक्त रविवारी. सहा वर्षं ते शेवटच्या रांगेतून सुटत होते. "मी काय दुसऱ्याची धूळ खायला येतो व्हय?" असं दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी नाव नोंदवत. यंदा मात्र तीन महिने त्यांचे गुण चढतच होते.

"पहिली रांग!" फोनकडे बघत त्यांच्यातलेच मगदूम सर म्हणाले. "आणि हे काय? टिकली आता हृदयाचं वयपण सांगाय लागली. महिपतराव, तुमचं सव्वीस."

"मग आता दुसरं लग्न करा," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

महिपतरावांची लेक विभावरी हसली नाही. तिचं वय सव्वीस होतं.

त्या मंडळींची एक जुनी रीत होती. कुणी तापाने पडला, की दुसरा त्याची टिकली आपल्या छातीवर लावून डोंगर चढून येई, त्याचे गुण गळू नयेत म्हणून. नियमात ते बसत नव्हतं, पण त्याला लबाडीही कुणी म्हणत नसे. गावाला गेलेल्या शेजाऱ्याच्या तुळशीला पाणी घालावं, तसं ते होतं. विभावरीचे वडील आजारी नव्हते. दर वर्षी धुळीने माखून उतरणारं त्यांचं तोंड तिला बघवत नव्हतं, एवढंच. तीन महिने ती रोज पहाटे त्यांच्या दाढीच्या डब्यातून टिकली काढून, ती लावून सायकलने डोंगर चढून येत होती आणि ते उठायच्या आत परत ठेवत होती.

महिपतराव हसता हसता छाती चोळत होते.

"काय होतंय आप्पा?"

"पित्त गं. पंधरा दिवस झालं. चढ लागला की छाती आवळल्यागत होतीया, डावा हात जड पडतोय. उद्या डॉक्टरकडं जाणार होतो. पर आता कशाला? सव्विसाव्या वर्षी कुणाचं हृदय दुखतं व्हय?"

विभावरीने पेला खाली ठेवला. आठवड्यातल्या तिच्या सहा पहाटांपुढे त्यांचा एकच रविवार. त्यांचे खरे ठोके टिकलीने थकवा समजून बाजूला सारले असणार. सगळ्यांदेखत सांगायला मात्र तिची जीभ रेटेना. तिने दोन तास तसेच घालवले, आणि याची लाज तिला पुढे फार दिवस वाटली.

आठला पाच मिनिटं कमी असताना ती चुन्याच्या रेषेपाशी गेली. महिपतरावांचं पुढचं चाक रेषेला टेकलं होतं.

"विभे, बघ. म्होरं कुणीच न्हाई," ते हळूच म्हणाले. सहा वर्षांत ती वाट त्यांनी मोकळी पाहिलीच नव्हती.

तिने हँडल धरलं. "आप्पा, उतरा. ते हृदय माझं आहे. रोज पहाटे तुमची टिकली मी लावत होते."

महिपतरावांनी छातीवरच्या टिकलीवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे ही रांग बी तुझीच."

"व्हय."

"एवढी एक शर्यत करू दे की."

तिला रडू फुटलं, पण हँडल तिने सोडलं नाही. महिपतरावांनी आणखी एकदा त्या मोकळ्या वाटेकडे पाहिलं आणि पाय टाकून खाली उतरले. मागच्याने पुढे सरकून जागा भरली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी एक रक्तवाहिनी उघडली. ती जवळजवळ बंद झाली होती. "पहिला चढही निभला नसता," एवढंच ते म्हणाले.

चौथ्या दिवशी महिपतराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. विभावरीने गुणांच्या कार्यालयाला सगळं कळवलं होतं, त्याचं उत्तर फोनवर आलं. तीन महिन्यांचे गुण पुसण्याआधी खातेदाराने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: या काळात नोंदलेलं हृदय कोणाचं? खाली दोन चौकटी होत्या, 'माझं' आणि 'दुसऱ्याचं'.

महिपतरावांनी चष्मा लावला. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, खोटं त्यांना लिहायचंही नव्हतं. तरी त्यांचं बोट दुसऱ्या चौकटीवर जाऊन अडलं.

"विभे," त्यांनी विचारलं, "लेक दुसऱ्यात धरायची व्हय गं?"