संगाबचा वजनकाटा

संगाबच्या धावपट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली गाठ पडायची ती वजनकाट्याशी. धान्याच्या वखारीत असतो तसाच होता तो: जमिनीलगत लोखंडी पाटा आणि छातीएवढ्या उंचीवर गोल तबकडी. परक्या मुलखात लढायला आलेल्या आमच्या फौजेत मी सार्जंट होतो आणि तो सांभाळणं माझं काम. इथल्या डोंगरात हवा विरळ, धावपट्टी आखूड आणि तिच्या टोकाला दरी. त्यामुळे लहान विमानात चढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कर्नल का असेना, बंदूक, हेल्मेट, पाठपिशवी सगळ्यासकट पाट्यावर उभं राहावं लागे. मी आकडा वाचायचो आणि खडूने त्याच्या पिशवीवर लिहायचो. माझ्या आधीच्या सार्जंटने हा नियम घातला होता आणि मी तो कोणासाठी मोडला नाही.

हे काम करता करता एक गोष्ट कळायला लागते. पेटी ठेवली की सुई आकड्यावर जाऊन बसते. माणूस उभा राहिला की बसत नाही. त्याच्या श्वासाबरोबर केसभर इकडे, केसभर तिकडे हलत राहते. पाठ फिरवून नुसती सुई बघितली तरी मी सांगू शकायचो की पाट्यावर माल आहे की माणूस.

डेल रायबर्नला मी हे एकदा सांगितलं आणि पस्तावलो. डेल आमचा जनरेटर दुरुस्त करणारा, टेनेसीचा, अंगाने आडवा आणि तोंडाने सैल. त्या दिवसापासून पाट्यावर चढला की तो गाल फुगवून श्वास रोखायचा.

"बघा सार्जंट, मेलो. थांबली का नाही सुई?"

"थांबली. उतर आता. मेलेल्यांना या विमानात जागा नाही."

मैदानकच्या चौकीवरचा जनरेटर बंद पडला आणि डेलला पाठवायचं ठरलं, त्या सकाळीही त्याने हेच केलं. मी पिशवीवर लिहिलं, दोनशे छत्तीस पौंड. खाली उतरताना तो म्हणाला की यातले सहा पौंड त्याच्या बायकोने, टॅमराने पाठवलेल्या केकचे आहेत, तेव्हा ते सरकारी हिशेबात धरू नयेत.

विमान कंपनीचं होतं, लहान, दोन इंजिनांचं. कंपनीला नाव होतं, पण सगळे नुसतं 'कंपनी'च म्हणायचे. फौजेकडे विमानं कमी पडत होती, म्हणून माणसं आणि सामान पोचवण्याचा ठेका तिला दिलेला. वैमानिक कंपनीचे, गॉगल लावून शिट्ट्या मारत येणारे. फौजेचं विमान उडालं की त्याचा मार्ग आधी ठरलेला असे, वाटेत त्याला रेडिओवर बोलावं लागे आणि पोचल्यावर कळवावं लागे. कंपनीच्या विमानाला यातलं काहीच नव्हतं. ते डोळ्यांनी दरी निवडायचे. पोचल्याचं कळायचं ते पुढच्या फेरीच्या वैमानिकाकडून, तेही त्याच्या लक्षात राहिलं तर. वाट बघायची नाही अशी सगळ्यांना सवयच लागली होती. त्या सकाळी दोघांतला एक वैमानिक इंजिन चालू करताना म्हणाला होता की आज उत्तरेकडची एक नवी दरी बघून ठेवलीय, तिकडून जाऊ.

दुपारी मी पाटा झाडायला गेलो. पाटा रिकामा होता आणि तबकडीवर दोनशे छत्तीस होते.

मी लाथ मारली. स्क्रू पिळून सुई शून्यावर आणली, ती पुन्हा तिथेच गेली. खाली दगड अडकला असेल म्हणून मी आणि रहीमदादने पाटा उचलून बघितला. रहीमदाद हा खालच्या गावचा म्हातारा, सामान चढवायला असायचा. खाली काही नव्हतं. पाटा परत बसवला, सुई परत वर गेली. आणि मग मला ते दिसलं. ती बसली नव्हती. केसभर इकडे, केसभर तिकडे हलत होती.

वारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता.

संध्याकाळी मैदानकहून रेडिओवर विचारणा झाली की जनरेटरवाला कुठे आहे. मी तडक तळाच्या नियंत्रण कक्षात गेलो. तिथल्या लेफ्टनंटने नकाशा बघितला आणि सांगितलं, आपलं एकही विमान बाहेर नाही. मी म्हटलं, माणूस आपला आहे. तो म्हणाला, विमान त्यांचं आहे, शोधतील ते. मी कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की हवा खराब असेल तर वैमानिक मध्येच कुठेतरी उतरतात, आणि युद्धक्षेत्रात शोध घेणं हे तर फौजेचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी या दोघांमध्ये चेंडूसारखा फिरत होतो. दोघेही सभ्यपणे बोलत होते. त्याचाच मला आजही जास्त संताप येतो. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी आवाज चढवला नाही आणि कोणी खुर्चीतून उठलंही नाही.

मी परत आलो तर पाट्याच्या कडेला चहाचा पेला ठेवलेला.

"हे कोणासाठी?" मी रहीमदादला विचारलं.

"जो उभा आहे त्याच्यासाठी," तो म्हणाला. "कालपासून उभा आहे सार्जंटसाहेब. दारात आलेल्याला चहा तरी विचारायला नको?"

मी त्याला रागावलो. काय बोललो ते आठवत नाही. पण पेला उचलायला मी वाकलो, तेव्हा तबकडी माझ्या तोंडासमोर आली. सुई आता पूर्वीसारखी हलत नव्हती. एक हलकी थरथर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी तिथेच गुडघ्यावर बसून राहिलो. ऊन डोंगरामागे गेलं, छपरांचे पत्रे गार पडायला लागले, आणि एका थरथरीनंतर दुसरी आलीच नाही. सुई दोनशे छत्तीसवर बसली. पेटी ठेवल्यावर बसते तशी.

तिसऱ्या दिवशी कंपनीने विमान हरवल्याचं कबूल केलं आणि मग कुठे आमची हेलिकॉप्टरं निघाली. उत्तरेकडची ती नवी दरी वर जाऊन बंद होत होती. तिच्या भिंतीवर, बर्फात, विमान सापडलं. दोन्ही वैमानिक जागच्या जागी गेले होते. डेल बाहेर होता. पाय मोडलेला असताना तो सरपटत बाहेर आला होता, सामानावरचं नारिंगी ताडपत्रीचं कापड त्याने बर्फावर पसरलं होतं, कडांना दगड ठेवले होते, वरून दिसावं म्हणून. केकचा डबा रिकामा होता. डॉक्टर म्हणाले की तो थंडीने गेला, बहुतेक दुसऱ्या दिवशी, दिवस मावळताना.

मी डॉक्टरांचे आभार मानले आणि काट्याकडे परत आलो.

टॅमराचा फोन मीच घेतला. ती रडत नव्हती. तिला घरी येऊन सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी सगळं सांगितलं होतं, कापडाचंसुद्धा. ती म्हणाली, "मला बाकी काही नको. त्याला शोधायला कोणी जायचं होतं, एवढंच सांगा. एक नाव सांगा." माझ्याकडे नाव नव्हतं. मी शोधून काढतो म्हणालो. तिने दर रविवारी फोन करायला सुरुवात केली. दर वेळी तोच प्रश्न, त्याच आवाजात.

सुई तशीच होती. लोकांची वजनं घेताना मी दोनशे छत्तीस वजा करायचो. वरून दुसरा काटा मागवला नाही. मागवावासा वाटला नाही. पाट्याच्या कडेला रहीमदाद रोज चहाचा पेला ठेवायचा, आणि मी त्याला अडवत नव्हतो.

बर्फ वितळल्यावर चौकशी बसली. जेवणाच्या तंबूत टेबलं जोडली, वरती मेजर पॅजेट नावाच्या बाई, समोर पुरावा म्हणून घडी करून ठेवलेलं नारिंगी कापड. कंपनीकडून हॉलिस वेनराइट आले होते. उड्डाणांचे प्रमुख. उंच, सडपातळ, नवे कोरे बूट. मार्ग का ठरलेला नव्हता, असं विचारल्यावर ते म्हणाले की तो नियम फौजेच्या विमानांना आहे आणि आमचं विमान खाजगी. मग मृतांच्या घरच्यांनी दाद कोणाकडे मागायची, असं विचारल्यावर त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं की वैमानिक फौजेची कामगिरी करत होते, त्यामुळे हा रणातला मृत्यू, आणि रणातल्या मृत्यूसाठी कोणावर दावा लावता येत नाही.

पैसे घेताना खाजगी आणि माणूस मेल्यावर लष्करी. मी उठून उभा राहिलो.

"सर, त्याला शोधायला कोणी जायचं होतं?"

वेनराइट माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर खरोखरीची सहानुभूती होती. "सार्जंट, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण अमुक एकाने जायचं होतं असं यात काही नाही. व्यवस्थेतली ती एक फट होती."

मेजरबाई खाली बघत होत्या. हेलिकॉप्टरं त्यांच्याच साहेबांच्या हाताखाली होती आणि दोन दिवस ती जागची हलली नव्हती. चौकशी जेवणाआधी संपली. दोष खराब हवेला देण्यात आला.

वेनराइटना लगेच निघायचं होतं. कंपनीचंच विमान, तसंच दोन इंजिनांचं, पंखे फिरत होते. ते बॅग घेऊन काट्याला वळसा घालून निघाले.

"सर, वजन."

"अहो, आमचंच विमान आहे."

"धावपट्टी माझी आहे."

ते हसले आणि बॅगेसकट पाट्यावर चढले. मी सुई बघत होतो. ती दोनशे छत्तीसवरून वर गेली, चारशेच्या पुढे, आणि तिथे हलत राहिली. मी सवयीने वजाबाकी केली. मग खडू उचलला आणि थांबलो. काय लिहायचं ते मला ठरवता येईना.

"बिघडलाय तुमचा काटा," तबकडीकडे बघून ते म्हणाले. "असल्या काट्यावर काम चालवता तुम्ही?"

ते खाली उतरले.

सुई खाली आली. चारशेवरून, दोनशे छत्तीसवरून, खाली, खाली, आणि शून्यावर थांबली.

मागे रहीमदाद काहीतरी पुटपुटला. त्याने वाकून कालचा पेला उचलला आणि चहा मातीत ओतून दिला.

मी वेनराइटकडे बघितलं. ते बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते, जड लागतेय तशी. शिडीवर त्यांचा पाय दोनदा घसरला. विमानाने सगळी धावपट्टी घेतली, अगदी शेवटच्या दगडापर्यंत, आणि दरीच्या कडेवरून ते वर गेलं तेव्हा मी श्वास सोडला. ते पडावं असं मला वाटत नव्हतं. पोचावं असंच वाटत होतं.

ते पोचलं. दुपारी मोठ्या तळावरून सार्जंट ओर्टेगाचा रेडिओ आला. पुढच्या विमानात चढणाऱ्यांची वजनं तिथे तो घ्यायचा. माझा जुना ओळखीचा.

"काय रे, तुझ्याकडून आलेला हा कंपनीचा साहेब. वाळलेला माणूस, एक बॅग. माझा काटा चारशेच्या वर दाखवतोय."

"काटा बदलून बघ."

"दोन बदलले."

मग ओर्टेगाचा आवाज खाली आला.

"अजून एक आहे. सुई स्थिर होईना, म्हणून मी त्याला श्वास रोखायला सांगितलं. त्याने रोखला. चांगला लाल होईपर्यंत रोखला."

"मग?"

"सुई हलतेच आहे." पलीकडे कोणीतरी चिडून बोलत होतं, मला जाऊ द्या म्हणत होतं. "काय लिहू याच्या बॅगेवर?"

तो रविवार होता. टॅमराचा फोन यायची वेळ झाली होती, आणि आज माझ्याकडे नाव होतं, डेलने स्वतः निवडलेलं.

"दोघांचं लिही," मी म्हणालो. "त्याच्याच बॅगेवर."

खडू घासल्याचा आवाज आला. मग ओर्टेगाने विचारलं, "हा दुसरा जो कोणी आहे, तो इतका थंड का आहे? माझा पाटा हाताला चिकटतोय."