येतो म्हणावं

आमच्या प्रयोगशाळेत येणारी माणसं ठणठणीत असतात, पंचाईत तीच आहे. रक्तात परजीवी मुक्कामाला, आणि माणूस मात्र जिना धडाधड चढून येतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. एखादाच पुढे अंथरूण धरतो. औषध इतकं जहाल की सरसकट देता येत नाही, म्हणून कोण आजारी पडणार हे आधी ओळखायचं, हे माझं काम. रक्त अजून तरी काही बोललेलं नाही.

बाबांच्या रक्तातही तो निघाला आणि माझ्याही. एकाच घरातल्या माश्यांनी चावलेले आम्ही. "इस्टेट म्हणून एवढंच देतोय, सांभाळ," असं म्हणून बाबा पोटभर हसले. मला त्यांचीच धास्ती. माझा फार जीव आहे त्यांच्यावर.

तपासणीला एक शिंपी यायचा, बोलघेवडा. एकदा उठताना म्हणाला, "जातो, मॅडम."

मी सवयीने टोकलं, "येतो म्हणावं."

"येतोच म्हणालो की," तो गोंधळून म्हणाला.

पुढच्या खेपेला त्याला मुलाने उचलून आणलं.

मग एक मुख्याध्यापिका, मग एक बसचालक. दोघांचीही जीभ निघताना तशीच वळली, आणि आपण काय बोललो ते दोघांनाही ऐकू आलं नव्हतं. दोघांनीही पुढे अंथरूण धरलं. योगायोग, मी स्वतःला बजावलं. तरी निघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागले.

न राहवून बाबांना सांगितलं. त्यांना थट्टेला विषयच मिळाला. फिरायला निघताना शेजारी दचकतील एवढ्या मोठ्यांदा "येतो" म्हणायचे. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी असायची. ते ऐकलं की मगच चहा घशाखाली उतरायचा.

आज आम्ही दोघं एकाच वेळी निघालो होतो, ते फिरायला, मी प्रयोगशाळेत. बाबा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होते. मी विचारायच्या आत त्यांनी "येतो" ऐकवून टाकलं. माझा जीव भांड्यात पडला. मी पर्स उचलली, त्यांच्या टकलावर हलकी टपली मारली आणि निरोप घेतला.

बाबांचे हात नाडीवरच थांबले.

"काय म्हणालीस?"

"येते म्हणाले."

ते हसले नाहीत. उठून त्यांनी माझ्या हातातली पर्स काढून घेतली.

"परत म्हण, बाळा."

मी म्हणाले.

बाबांनी दाराला आतून कडी लावली.