दस्तगीरचाचांची तलफ

दस्तगीरचाचा आरोग्य केंद्रातून बाहेर पडले आणि फाटकापाशीच त्यांनी बिडी पेटवली. खिडकीतून ते पाहून तन्मयी चक्रावली. आत्ताच तर धीरूने त्यांना काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रं हवेत तरंगवून दाखवली होती!

धीरू म्हणजे मिरजेच्या त्या केंद्रातला नवा यंत्रमानव. तन्मयीची आई, उज्ज्वला, तिथे परिचारिका होती.

"आई, चाचांना सगळं कळतं. मग ओढतात कशाला?"

"बिडीच्या धुरात निकोटिन (तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य) असतं. ते मेंदूतल्या ग्राहींना (निरोप झेलणाऱ्या सूक्ष्म जागांना) जाऊन चिकटतं आणि बरं वाटतं. ते उतरलं की जीव कासावीस होतो. आता सांग, त्यात कुणी घाबरवलं तर माणूस काय करेल?"

"आणखी एक बिडी ओढेल!"

"अरेरे, मीच ओढायला लावली," धीरू पुटपुटला.

तिघंही फाटकापाशी गेली. धीरूने हळूच विचारलं, "चाचा, बिडीबद्दल बोललं तर चालेल? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

चाचा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांनी हातातली बिडी विझवली. "वरातीत दम पुरत नाही रे. गाणं अर्ध्यात सोडावं लागतं. सोडायची आहे मला."

मग चाचा आणि धीरूने मिळून बिडी सोडायचा दिवस ठरवला. डॉक्टरांना विचारून आईने निकोटिनचं च्युइंगगम दिलं. त्यात थोडं निकोटिन असतं, धूर मात्र नसतो. "तलफ चढते तशी काही मिनिटांत ओसरतेही," ती म्हणाली. "तेवढा वेळ पाणी प्या, नाहीतर धीरूशी फोनवर बोला."

सगळं छान चाललं होतं. पण एका लग्नानंतर चाचा मान खाली घालून आले.

"हरलो, सिस्टर. ओढली."

"हरलात कसले? कुठे ओढलीत ते सांगा."

"नवरदेवाची वाट बघत होतो. सगळे ओढत होते."

"मग पुढच्या वेळी कुठे थांबाल?"

चाचा हसले. "घोडीपाशी! जवळ धूर केला तर लाथ झाडते ती."

त्यानंतर घोडीनं चाचांना चांगलंच सांभाळलं. उन्हाळा सरता सरता त्यांचं च्युइंगगमही सुटलं.

एके सकाळी ते बँडमधल्या शिवलिंगला घेऊन आले. तो दारातच घुटमळत होता. "मला नाही जमायचं," तो म्हणाला.

तन्मयीने खुर्ची पुढे केली. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझीही एका फटक्यात कुठे सुटली? तू बस. मी थांबतो तुझ्याजवळ."