चिमीचं ग्रहण

उत्तरेकडच्या त्या गावात थंडीचा सूर्य दुपारी तीनलाच गाशा गुंडाळतो, त्यामुळे खग्रास चंद्रग्रहणासाठी कोणाला जागरण करावं लागणार नव्हतं. संध्याकाळी पाचला अर्धं गाव गोठलेल्या तळ्यावर जमलं.

तळ्याचा राखणदार नेहमीच्या कामात होता. बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची आणि जिथे ती वीतभरापेक्षा कमी भरेल तिथे कंदिलांची रांग लावायची. रांगेच्या अलीकडे खुशाल नाचा, पलीकडे पाऊल टाकायचं नाही. तिकडे तळाशी झरे होते आणि वर जेमतेम दोन बोटं बर्फ. अठरा हिवाळ्यांत त्याने एकही कंदील विझू दिला नव्हता. या बाबतीत तो बायकोचंही ऐकत नसे, आणि हे ती चारचौघांत सांगत असे.

नऊ वर्षांच्या लेकीपुढे मात्र त्याची मात्रा चालत नव्हती.

"बाबा, दिवे मालव ना. चंद्र नीट दिसतच नाही."

"नाही गं चिमे."

"थोडाच वेळ. मी आईचा हात धरून उभी राहते."

लोकांनीही तिचीच री ओढली. राखणदार विरघळला आणि एकेक कंदील मालवत गेला.

जळक्या वातींचा वास रेंगाळत राहिला. वर चंद्र तांबूस झाला, मग आणखी मंद, आणि शेजारचा माणूसही दिसेनासा झाला. बोलणी आपोआप थांबली. बर्फाखालून एक लांबलचक कण्हणं आलं. थंडी वाढली की तळं असं कण्हतंच, हे राखणदाराला पाठ होतं, तरी या वेळी तो दचकला.

तासाभराने ग्रहण सुटू लागलं. बर्फ पुन्हा पांढरा झाला, सगळ्यांच्या सावल्या पायाशी आल्या.

"अहो..." बायको म्हणाली. तिच्या हातात चिमीचा नुसता हातमोजा होता.

चिमी रांगेपलीकडे वीस पावलांवर उभी होती, मान वर करून. तिच्याभोवती खोलीएवढ्या जागेत उजेड आलाच नव्हता. तिथला बर्फ तांबूस काळा होता आणि तिचा चेहराही.

राखणदाराने पाऊल टाकलं तशी पायाखाली चरचर झाली आणि बुटात पाणी शिरलं. त्याचं वजन तो बर्फ पेलणार नव्हता. तळ्याचा कोपरान् कोपरा ठाऊक असलेला माणूस, आणि पोटच्या पोरीपर्यंत वीस पावलं चालता येईना. दिवे आपणच मालवले, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"चिमे... जागची हलू नकोस."

"नाही हलत. अजून सुटलं नाही ना."

"सुटलं, बाळा. कधीच सुटलं."

"नाही बाबा... इथे नाही."

पोटावर पडून त्याने खांद्यावरचा दोर फेकला. अंधारात शिरलेला दोर दिसेनासा झाला. "कमरेला बांध," तो सांगत राहिला. बऱ्याच वेळाने दोराला ओझं लागलं आणि त्याने इंच इंच करून तिला ओढून घेतलं. ती कोरडी ठणठणीत होती. बायकोने तिला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली.

घरी आल्यावर त्यांनी होते नव्हते तेवढे दिवे लावले. पांढऱ्या उशीवर चिमीचा चेहरा तसाच तांबूस राहिला. डॉक्टर आले, नाडी बघितली, ताप बघितला. डोळ्यांसमोर बॅटरी धरली तर बाहुल्या मोठ्याच राहिल्या, मिट्ट काळोखात होतात तशा. डॉक्टर बॅग आवरू लागले.

राखणदाराने तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता, नेहमीचाच. "मी आहे, चिमे," तो म्हणाला. "दिसतो ना मी?"

"हळू बोल, बाबा," ती कुजबुजली. "बाकीचे सगळे चंद्राकडे बघतायत..."

आणि कोणाला तरी जागा करून द्यावी तशी ती गादीवर थोडी बाजूला सरकली.